आटवलेलं पाणी

"माझी पोरगी पाण्याचं शिकती," एवढंच आईला माझ्या शिक्षणाबद्दल सांगता यायचं आणि तेवढंच ती सगळ्यांना सांगायची. पर्यावरणशास्त्र हा शब्द तिच्या तोंडात बसत नव्हता. बसला असता तरी अणदूरच्या आमच्या गल्लीत तो कुणाला कळला असता, असं नाही. परिणाम असा झाला की पहिल्या वर्षी दिवाळीला घरी गेले, तर दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका हातात नारळ घेऊन दारात उभे.

"चल गं शेताकडं. कुठं उभा ऱ्हातो तेवढं बघ. मागचा बोअर कोरडा गेला."

आमच्याकडे जमिनीतलं पाणी शोधणारा पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो. नारळ जिथं आपोआप उभा राहील तिथं बोअर घ्यायचा. आता या विद्येचं कॉलेज निघालंय आणि शेजारची पोरगीच त्यात शिकते, तर बाहेरच्या माणसाला कशाला बोलवायचं, असा काकांचा साधा हिशेब. मी त्यांना खडक, भेगा, मुरणारं पाणी असं बरंच काही ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी नारळापर्यंत अजून शिकवलं न्हाय व्हय? असू दे. पुढल्या वर्षी बघू." जाताना नारळ मात्र घेऊन गेले.

खरं सांगायचं तर हा विषय घेताना मलाही फार काही कळत नव्हतं. शेतकी कॉलेजचा नंबर थोडक्यात हुकला होता. धाराशिवच्या कॉलेजात प्रवेशासाठी गेले तेव्हा रसायनशास्त्राच्या खिडकीपुढची रांग थेट जिन्यापर्यंत आलेली, आणि शेजारच्या खिडकीपुढे चिटपाखरू नव्हतं. रांगेत उभं राहायचा मला मनापासून कंटाळा आहे. आत बसलेल्या कारकुनांनी विचारलं, "पर्यावरण नक्की घेताय ना? नंतर बदलून मिळत नाही." असं कुणी म्हटलं की मला चेव चढतो. मी म्हटलं, नक्की.

आमच्या वर्गातली निम्मी मुलं पोलीस भरतीच्या तयारीला म्हणून धाराशिवात राहिलेली होती. पहाटे मैदानावर पळून यायची आणि ओझोनच्या थराखाली गाढ झोपायची. उरलेल्यांना आमचे सर शिकवायचे. वर्गात ते बरे शिकवायचे, पण बाहेर नेलं की फारच छान. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला पिशवी आणि तोंडात सारखी बडीशेप. विहिरीत टेप सोडायची, तिचं टोक पाण्याला टेकलं की वर पिपाणीसारखा आवाज येतो, मग पाणी किती खोल गेलंय ते वाचायचं. नमुन्याची बाटली त्याच पाण्यानं विसळायची. झाकण जमिनीवर ठेवायचं नाही, आत बोट घालायचं नाही, आणि बाटलीवर गावाचं नाव तिथंच लिहायचं. "घरी जाऊन लिहितो म्हणणारे सगळ्या विहिरींची एकच विहीर करतात," सर म्हणायचे. त्यांच्याशी मी रोज वाद घालायचे, कारण माझा स्वभावच तसा आहे, आणि त्यांना ते आवडायचं, कारण बाकीचा वर्ग झोपलेला असायचा.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात एक फील्ड टेक्निशियन बाई येऊन गेल्या. गावोगाव फिरून पाण्याचे, मातीचे नमुने घ्यायचे, जाग्यावर होतील त्या तपासण्या करायच्या आणि बाकीचं बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेत पोचवायचं, हे त्यांचं काम. पंजाबी ड्रेसवर बूट, गळ्यात स्कार्फ, स्वतःच्या मोटारसायकलच्या मागं पेटी बांधलेली. कुणाच्याही अंगणात शिरायचं, कुणाच्याही विहिरीत डोकावायचं आणि वर त्याचाच पगार घ्यायचा! माझं तिथल्या तिथं ठरलं. मला हेच व्हायचं होतं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एकेक भाग वाटून घेऊन पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासायचे होते. मी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा भाग मागून घेतला. सरांना म्हटलं, तिकडच्या पाण्याचा अभ्यास झालेला नाही. खरं कारण असं की वाशीजवळच्या एका गावात माझी ताई दिलेली आहे, आणि नमुने घेऊन झाल्यावर तिथं आयतं जेवण मिळणार होतं. शिवाय भाचा. बाळंतपण माहेरी उरकून ताई नुकतीच सासरी गेली होती. बाळ चार महिन्यांचं, गोरंगोमटं, आणि माझ्यासारखंच आरडाओरडा करणारं.

ताईच्या घरात तिघंच. दाजी पुण्याला कंपनीत कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. घरात ताई, बाळ आणि ताईच्या सासूबाई. ताई त्यांना आत्या म्हणते, मी मावशी म्हणते. मावशींचा आवाज मोठा, हात त्याहून मोठा, आणि दोन्हींत प्रेमच. बाळंतपणानंतर ताईला ताप आला आणि तिचं दूध आटलं, तेव्हा बाळाला डब्याचं दूध सुरू करावं लागलं. ते कालवायला लागणारं पाणी मावशींनी आपल्या ताब्यात घेतलं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

आदल्या रात्री मुक्कामाला होते, म्हणून त्यांची पद्धत मी पहाटेच पाहिली. पहाटे अंगणातल्या आडाचं पाणी शेंदायचं. पांढऱ्या धुवट फडक्यातून गाळायचं. मग चुलीवर ठेवायचं आणि भांड्यात निम्मं राहीपर्यंत आटवायचं. नुसती उकळी त्यांना पुरायची नाही. "उकळी काय, चहाला बी येती," त्या म्हणाल्या. "बाळाचं पाणी आटवून आटवून द्यावं. सगळं वंगाळ जळून जातं. माझी तीन लेकरं ह्याच्यावर वाढली." धुरानं डोळे लाल झालेले, तरी त्या चुलीपुढून हलत नव्हत्या. गॅस होता घरात, पण गॅसवरचं पाणी त्यांना कच्चं वाटायचं.

त्यांच्या आडाचं गल्लीत मोठं नाव होतं. गावातल्या बाकीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, दोन शिट्ट्या जास्त घ्याव्या लागतात. यांच्या आडाच्या पाण्यात तूर कशी मऊसूत होते! आसपासच्या बाया डाळीपुरती घागर इथून नेत. मीही त्या दिवशी तांब्याभर पाणी प्याले आणि लई गोड आहे म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं. मावशी खूश झाल्या.

"मग आमच्या आडाचं बी घे की बाटलीत. कॉलेजात दाव. म्हणावं असं पाणी आना एखाद्यानं."

आड माझ्या यादीत नव्हता, पण म्हटलं घेऊ. मी पिशवी उघडेपर्यंत मावशींनी आडाच्या काठावर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, चिमूटभर आत टाकलं, आणि माझी प्रयोगशाळेतून स्वच्छ करून आणलेली बाटली राखेनं खसाखसा घासून उन्हात पालथी घातली. "घाणेरड्या बाटलीत कशाला न्हेतीस?" मी कपाळावर हात मारून घेतला. ताई पदरात तोंड लपवून हसत होती. मी दुसरी बाटली काढली, हळद खाली बसायची वाट बघितली आणि नमुना घेतला. आडाच्या पलीकडं चार पावलांवर गोठा आणि त्याला लागून उकिरडा होता. ते मी नियमाप्रमाणं बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहिलंसुद्धा. लिहिलं आणि पुरणपोळी खायला बसले.

नायट्रेटची तपासणी मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात केली. पाण्यात पावडर टाकायची, हलवायचं, थोडं थांबायचं. नायट्रेट असेल तर पाणी गुलाबी होतं, आणि जितकं जास्त तितकं गडद. बाकीच्या गावांच्या बाटल्या फिकट गुलाबी झाल्या. मावशींच्या आडाची बाटली डाळिंबाच्या रसासारखी झाली. हळदीनं काहीतरी घोळ केला असणार म्हणून मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. सरांना बोलावलं. सरांनी चिठ्ठी वाचली, बडीशेप चावायची थांबवली आणि विचारलं, "उकिरडा किती लांब म्हणालीस?"

शेणामुताचं आणि खताचं नायट्रेट पावसाबरोबर मुरतं आणि आडात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्यानं डाळ शिजायचीही राहत नाही. मोठ्या माणसाला चटकन काही होत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू त्यानं कमी होतो. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं आणि त्यावर मला चांगले मार्कही पडले होते. बाळ ओठांनी, नखांनी निळसर दिसायला लागतं, हेही लिहिलं होतं.

"उकळलं तर जातं ना सर?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. तरी विचारलं.

"उकळून जंतू मरतात. पाण्याची वाफ होऊन जाते, नायट्रेट खालीच राहतं. जितकं आटवशील तितकं दाट."

सगळ्या गल्लीत जिनं बाळाच्या पाण्याची सर्वात जास्त काळजी घेतली, तिच्याच भांड्यात ते सर्वात दाट होत होतं.

सरांनी एवढंच सांगितलं, "अभ्यास राहू दे. आधी ते पाणी थांबव आणि बाळाला दवाखान्यात दाखवायला सांग."

मी ताईला फोन लावला. बाटलीत काय निघालं ते सांगितलं. ती हळूच म्हणाली, "रडला की ओठ निळसर दिसत्यात गं त्याचं. आत्या म्हणत्यात गारठा आहे."

"ताई, आत्ताच्या आत्ता ते पाणी बंद कर."

"आज दुकानातली बाटली आणते. पोट बिघडलंय म्हणून सांगते. पण उद्या? परवा? त्या रोज पहाटं उठून चुलीपुढं बसत्यात. मी काय सांगू, तुमच्या हातचं पाणी पोराला बाधतंय? माझ्या तोंडून ते न्हाय निघायचं. तू ये. तू कॉलेजातली, तुझं ऐकतील."

माझं ऐकतील! आमच्या काकांनी नारळासाठी माझं ऐकलं होतं, ते मला आठवलं. पण सकाळची पहिली एसटी मी पकडली. गाडीत बसून मी मुद्दे काढले. त्या असं म्हणतील, मग मी असं म्हणेन. वादात मी सहसा हरत नाही, आणि इथं तर हरून चालणारच नव्हतं. ताईचं बाळ त्या पाण्यावर होतं.

मावशी दारातच भेटल्या. मी ओसरीवर टेकते न टेकते तोच त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. आमच्याकडे आल्या माणसाला आधी पाणी, मग बोलणं. पाणी नाकारायचं म्हणजे घराला नाव ठेवायचं. ते पाणी प्याल्यानं मला काही होणार नव्हतं. पण ते पिऊन मी पुढं जे सांगणार होते, त्यावर कोण विश्वास ठेवणार?

"नको मावशी."

"का गं? उनातनं आलीस."

"तुमच्या आडाचं पाणी तपासलं. चांगलं आलं नाही."

मावशींनी तांब्या खाली ठेवला. आवाज एकदम खाली आला, आणि त्यांचा आवाज खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "परवा तर लई ग्वाड म्हणालीस."

मी नायट्रेट सांगितलं, उकिरडा सांगितला, बाळाचं रक्त सांगितलं. त्यांनी सगळ्याला उत्तर दिलं. "डाळ शिजती का न्हाय? मग वंगाळ कसं?" मी म्हटलं, डाळीचा आणि याचा संबंध नाही. "माझी तीन पोरं वाढली की." मी म्हटलं, तेव्हा उकिरडा एवढा मोठा नव्हता आणि रानात खताची पोती पडत नव्हती. "बरं, असंल काय वंगाळ तर म्या आटवून देते की. अजून आटवते. पार तळाला न्हेते." त्या उठल्यासुद्धा, चुलीकडं. ताई बाळाला घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती.

माझे एसटीतले सगळे मुद्दे संपले होते. मी त्यांच्यामागं स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "मावशी, मला मीठ द्या."

"मीठ?"

मी त्यांच्याच भांड्यात पाणी घेतलं, जरासं मीठ टाकून ढवळलं आणि म्हटलं, चाखा. त्यांनी बोट बुडवून चाखलं. "हां. जरासं कळतंय." मग भांडं चुलीवर ठेवलं. "आता तुम्ही बाळाचं आटवता तसं आटवा." त्या बसल्या. जाळ सारखा केला, काटकी आत सरकवली. निम्मं राहिल्यावर त्यांनी पदरानं भांडं उतरवलं. निवू दिलं. पुन्हा चाखलं.

त्यांचा चेहरा आंबट झाला. "खारट केलं की गं."

"मी काही टाकलं नाही, मावशी. पाणी उडून गेलं. मीठ तेवढंच राहिलं."

मला वाटलं होतं, इथून पुढं अजून बराच वाद होईल. मी तयारच होते. पण मावशींनी भांड्यात बघितलं, मग बाळाच्या पाण्याच्या भांड्याकडं बघितलं, ते आदल्या पहाटेचं, फडक्यानं झाकलेलं, आणि त्यांना सगळं कळलं. इतक्या चटकन की मलाच भीती वाटली.

"म्हंजी म्याच पाजलं व्हय त्याला?" त्या म्हणाल्या. "जितकं जपलं तितकं..."

जिंकल्यावर काय बोलायचं, याचा मी एसटीत विचारच केला नव्हता. मी वाकून त्यांचा हात धरला. हात चुलीच्या जाळानं तापलेला होता. मला रडू आलं, त्या मात्र रडल्या नाहीत.

रिक्षा करून आम्ही वाशीला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाळाचे ओठ पाहिले, नखं पाहिली, बोटाला यंत्र लावलं, पाण्याचं सगळं विचारलं. वेळेवर कळलं म्हणाले, पाणी बदला आणि दोन दिवसांनी पुन्हा आणा. बाळानं डॉक्टरांच्या शर्टावर दूध काढलं. ताई इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसली. मावशी बाकड्याच्या टोकाला बसून होत्या. कुणी विचारलं तर "आजी हाय म्या त्याची" एवढंच.

येताना आम्ही ग्रामपंचायतीच्या फिल्टरवरून पाण्याचा जार आणला. नाणं टाकलं की पाणी येतं ते यंत्र. मावशींनी आजवर त्याला कायम नावं ठेवलेली. मी अंगणातच तपासणीची बाटली काढली. पावडर टाकून हलवली, वाट बघितली. पाणी होतं तसंच राहिलं, गुलाबी झालं नाही. "हे चालेल," मी म्हटलं. मावशींनी मान हलवली आणि उठून गोठ्याकडं गेल्या.

बाळाची दुधाची वेळ झाली. या वेळेला मावशी कुठंही असल्या तरी हातातलं काम टाकून यायच्या. आज आल्या नाहीत. गोठ्यात नुसतं झाडल्याचा आवाज येत होता. ताईनं पाणी गॅसवर उकळलं, निववलं, दूध कालवलं. बाटली हातात घेऊन तिनं गोठ्याकडं बघितलं. मग बाळाला काखेत मारून सरळ गोठ्यात गेली. मी मागं गेले.

"आत्या, घ्या ह्याला."

"तूच पाज. माझा हात नको त्याला आता."

ताईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं, बाटली त्यांच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "मला न्हाय जमत. माझ्या हातचं पीतच न्हाय तो. दुपारपासनं बघतीय, तोंड फिरवतोय नुसता."

दुपारी दवाखान्याच्या बाकड्यावर याच ताईच्या हातून त्यानं दुकानातल्या पाण्याचं दूध घटाघटा पिऊन बाटली रिकामी केली होती. ते मी बघितलं होतं. मावशींनीही बघितलं होतं, त्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ताईकडं वर मान करून पाहिलं. ताईनं नजर हलवली नाही. मावशींनी हात पदराला पुसले, एकदा, आणि पुन्हा एकदा. मग बाटली उलटी करून मनगटावर थेंब टाकून बघितला आणि बाळाला जवळ ओढलं.

"असा कसा रे तू," त्या त्याला म्हणाल्या, "आईच्या हातचं बी पीत न्हायस?"